राखीव बिट

आधीच सांगते, माझं घड्याळ वेळ सांगत नाही.
आत्याला वाटतं मी घड्याळं दुरुस्त करते.
शिरूरहून येताना एकदा तिनं भिंतीवरचं बंद पडलेलं आणलं,
वर्तमानपत्रात गुंडाळून, मेथीच्या जुडीखाली.
मी सेल बदलला. चाललं.
"एवढ्यासाठी इंजिनिअर," म्हणाली, आणि बशीत चहा ओतला.

माझं म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा स्फटिक,
बोर्डाच्या कोपऱ्यात,
सेकंदाला दोन कोटी चाळीस लाख ठोके.
पुढे ते पीएलएलमध्ये फुगतात, भागले जातात, वळवले जातात,
फाटकाफाटकांतून पोचतात
कुठे कॅमेऱ्याला, कुठे यूएसबीला,
कुठे यास्मिन बागवानच्या डिस्प्लेला,
जो महिनाभर माझ्या ड्रायव्हरपायी काळा आहे.
दर अर्ध्या तासानं ती खुर्ची माझ्याकडे फिरवते.
बोलत काही नाही.

नियम साधा.
ज्याला ठोके हवेत त्यानं मागायचे, मोजणी एकानं चढते.
काम झालं की सोडायचे, एकानं उतरते.
शून्यावर फाटक बंद.
आणि बोर्ड उठताना, अगदी शेवटी,
कर्नल एक फेरी मारतो,
कुणीच न मागितलेली फाटकं लावत जातो,
लाइटबिलाला भिणाऱ्या घरमालकासारखा.

बुधवारी त्या फेरीत माझा बोर्ड गेला.
ओळ छापता छापता
अर्धा शब्द तोंडात धरून.

एकशे बारा फाटकं.
अर्धी उघडी ठेवायची, अर्धी लावायची,
बोर्ड बोलला तर दुसरी अर्धी लावून बघायची,
प्रत्येक वेळी वीज काढून, घालून.
गुरुवारी रात्री साडेअकराला एकच उरलं.
सत्त्याहत्तरावं.
मॅन्युअलच्या दोन हजार पानांत त्याच्यासाठी एक शब्द:
राखीव.
चिप बनवणाऱ्यांच्या जुन्या कोडमध्ये मात्र
कुणीतरी तिथे गुपचूप एक लिहून ठेवलेला,
शेजारी ना टीप, ना नाव.

शुक्रवारी पहाटे भानुदास काळभोर आला.
गुरुवारी वारज्याला पाणी नव्हतं,
आज तो गल्लीगल्लीचे व्हॉल्व्ह सोडत होता,
लांब लोखंडी चावी स्कूटरवर आडवी.
मी बादली घेऊन फाटकात. तो आटे मोजत होता,
ओठ हलत होते, म्हणून थांबले.
मग विचारलं, तो कडेचा का नाही फिरवत कधी?
"त्याला हात नाय लावायचा.
नकाशात नाय तो. माझ्या आधीच्यानं सांगितलेलं,
त्याला त्याच्या आधीच्यानं.
एकदा लावला, तर पार टेकडीपलीकडनं फोन."
पाणी कुठं जातं त्याचं?
"ते नाय म्हाईत," म्हणाला, आणि किक मारली.

ऑफिसात येऊन सत्त्याहत्तराव्याला खूण केली:
अत्यावश्यक. कधीच बंद करू नये.
एक ओळ. बोर्ड बोलायला लागला,
बुधवारचा अर्धा शब्द पुरा केला, पुढे गेला.
आतली कुठलीशी वाट होती ती, सगळ्यांच्याच खालून जाणारी.
मागत कुणी नव्हतं,
कारण पितोय हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

पण पॅचला कारण लिहावं लागतं.
तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं.
शेवटी: हे बंद केलं की बोर्ड बोलता बोलता थांबतो.
पाणी कुठं जातं माहीत नाही.
दुसरं वाक्य काढून टाकलं.
परत घातलं.
परत काढलं, आणि पाठवून दिलं.

दुपारी यास्मिनच्या पडद्यावर निळा रंग आला,
जरा उजवीकडे सरकलेला, कडेला फाटका.
मी माझ्या नोंदींकडे हात नेला.
"तो माझा," ती म्हणाली,
आणि खुर्ची तिकडे फिरवली.